दानम्माची क्लच प्लेट

भांड्यांच्या दुकानदाराची बायको म्हणजे गल्ल्यामागं बसून पितळी डब्यांवरची धूळ झटकणारी, असं ज्याला वाटत असेल त्यानं दोन हजार सालाच्या आसपास शाहूपुरीत एक चक्कर मारायला हवी होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पदर कमरेला घट्ट खोचलेला, अशी एक ठसठशीत बाई बिनछपराची जुनी जीप घेऊन ऐन बाजारातनं यायची आणि रिक्षावाले आपणहून बाजूला व्हायचे. कुणी नवखा पावणा आडवा आलाच तर ती हॉर्न वाजवत बसायची नाही. मान बाहेर काढून म्हणायची, "पावणं, रस्त्यात जलमलायसा काय?" ही दानम्मा. कोल्हापूरच्या बायका बाप्यासारखं "मी आलो, मी गेलो" म्हणतात. दानम्माच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

ती जीप तिला हुंड्यात मिळाली नव्हती, नवऱ्यानं घेऊन दिली नव्हती. ती तिनं जमिनीतनं उपसून काढल्यासारखी मिळवली, तीही सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून. ती हकीकत सत्त्याण्णव सालची.

दानम्मा मूळची शिरोळकडची. बाप बाळाप्पा ऊसवाला, अंगानं आडवा आणि स्वभावानं त्याहून आडवा. त्यानं कुठल्याशा लिलावात ही पेट्रोलची जीप घेतलेली, आणि घेतल्या दिवसापासनं एकाही मिस्त्रीचा हात तिला लागू दिला नाही. "मिस्त्रीकडं गाडी दिली की ती मिस्त्रीची हुतीय, आपण नुसतं पेट्रोल घालायचं," असं त्याचं म्हणणं. मग स्वतःच खाली शिरायचा. बॅटरी धरायला, पाना द्यायला थोरली लेक. धाकटा शशिधर तेव्हा शेंबडं पोर. बघता बघता लेकीचाच हात बापापेक्षा हलका झाला. उसाच्या बांधावरनं ती जीप अशी न्यायची की सरीतलं पाणी हलायचं नाही. मग लग्न झालं, चुडा भरला, कोल्हापूर आलं, आणि स्टेअरिंग सुटलं ते सुटलंच.

नवरा प्रभुलिंग देवमाणूस. पण देवानं त्याला हात दिले ते नुसते भांडी मोजायला. पाना दिला तर चमच्यासारखा धरायचा. घरची स्कूटर, मिक्सर, दुकानाचं शटर, सगळं दानम्माच सरळ करायची आणि प्रभुलिंग शेजारी उभा राहून "व्वा!" म्हणायचा. असा दाद देणारा नवरा मिळायलाही नशीब लागतं बघा.

बाळाप्पा गेला. वर्षश्राद्ध झालं, आणि रीतीप्रमाणं हक्कसोडीचं निघालं. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीनं भावासाठी सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेरचा उंबरा उघडा राहायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. दानम्मानं काही कुरकुर केली नाही. सहीला पेन उचलला आणि मधेच थांबली.

"तम्मा," ती धाकट्या भावाला म्हणाली, "सही करतो. जमीन तुझी, घर तुझं. साडी बी नगो. मला आप्पाची जीप दे."

शशिधर आधी हसला, मग चिडला. जीप गोठ्याशेजारच्या शेडात कित्येक वर्षं उसाच्या पाचटाखाली गाडलेली. ते शेड त्याला नव्या ट्रॅक्टरला हवं होतं आणि केरबा भंगारवाल्याला त्यानं शब्दही दिलेला. चारचौघांत नाही कसं म्हणायचं? म्हणून त्यानं मेख मारून ठेवली.

"दिली. पण ट्रकात घालून न्हाय, दोर बांधून न्हाय. दसऱ्याला गाव सोनं लुटायला शीवंवर जातंय, तवा तू सोता चालवत शीवंच्या पल्याड न्हे. न्हेलीस तर तुझी. न्हाय न्हेलीस तर दुसऱ्या दिशी केरबाची. मग रडायचं न्हाय."

"रडतंय कोण? बघू की!" म्हणून दानम्मानं सही ठोकली.

लोक म्हणाले, बाई खुळी झाली, सोन्यासारखी जमीन सोडून लोखंड मागती. म्हणेनात का. दानम्माचा हिशेब वेगळा होता. जमीन भावाची झाली, घर भावाचं झालं. आप्पा तेवढा कुणाच्या वाटणीला आला नव्हता, आणि दानम्माच्या लेखी आप्पा त्या जीपमध्येच होता. सीटच्या रेक्झिनला अजून त्याच्या तंबाखूचा वास होता. ते लोखंड केरबाच्या घणाखाली जायचं म्हणजे तिला बाप दुसऱ्यांदा मातीत दिल्यासारखं होतं.

मग काय विचारता! दर रविवारी एस.टी.नं शिरोळ. सोबत प्रभुलिंग, भाकरीचं गठुळं आणि पान्यांची पिशवी. पाचट उपसलं तर आतनं उंदरांची आख्खी आळी निघाली. वायरिंग तर त्यांनी शेवया खाल्ल्यागत खाल्लेलं. दानम्मानं नवं ओढलं. कार्बोरेटर खोलून रॉकेलात बुडवला. ब्रेक गंजून धरलेले ते ठोकून ठोकून सोडवले. शशिधर जाता-येता शेडाच्या दारात थांबायचा, जीपकडं बघायचा, पुढं जायचा. आणि सप्टेंबरात एका रविवारी हँडल मारता मारता इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. प्रभुलिंग "व्वा!" म्हणायचंही विसरला, नुसता टाळ्या पिटत सुटला.

आनंद फार टिकला नाही. इंजिन चालू, पण क्लच दाबला तरी गिअर पडेना. क्लच प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, चिकटून बसलेली. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि गिअरबॉक्स म्हणजे काय वांगं नव्हे देठाला धरून काढायला. दानम्मानं जीपमधला पायाखालचा पत्रा उघडला, दोन्ही बाजूंना पोती रचून वर आडवा वासा टाकला, त्यावरनं बैलाचा जाड कासरा सोडला आणि गिअरबॉक्सला फास घातला. खाली ती, वर कासरा धरून प्रभुलिंग. "सोडा... सोडा... अवं सोडा म्हणजे सोडून देऊ नगासा!" तळहात सोलून निघाले बिचाऱ्याचे, पण बॉक्स अलगद खाली आला. प्लेट काढली तर तिचे तुकडेच हातात आले.

नवी प्लेट आणायला ती कोल्हापुरात उद्यमनगरात गेली. दुकानदारानं तिच्या मागं कोणी आहे का बघितलं.

"मिस्त्री कुठाय, पावणं?"

"फुडं उभा हाय की! प्लेट दाखव."

प्लेट मिळाली ती नेमकी नवरात्र सरत आल्यावर. शिरोळला पोचले तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता खंडेनवमीला काय असतं, हे ज्याला हत्यार माहीत आहे त्याला माहीत आहे. त्या दिवशी लोखंडाला विश्रांती. नांगराचा फाळ, कोयता, विळा, वजनकाटा, सगळं पुसून, तेलाचा हात फिरवून, पाटावर मांडायचं. विभूती लावायची, फूल वाहायचं. दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. दानम्मा कितीही धडाडीची असली तरी ह्यात ती आईच्या वळणावरच गेलेली. तिनं पाट मांडला. पाने, पकडी, हातोडा, जॅक, सगळ्यांना वाटीतल्या शेंगतेलाचा हात दिला, तीन-तीन बोटं विभूती ओढली. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध मांडली नवीकोरी क्लच प्लेट. तिला तर दोन हात जास्तच तेल, कारण उद्याचा सगळा खेळ तिच्यावर. झेंडूचं फूल वाहिलं, डोळे मिटले, म्हणाली, "बाई, लाज राख."

इथं ज्याला क्लच कळतो त्यानं कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांनी जरा दम धरा.

दसऱ्याच्या पहाटे पूजा उतरली. प्रभुलिंगनं ऐन सणाला दुकानाला कुलूप लावलेलं. असला व्यापारी शाहूपुरीनं दुसरा बघितला नसेल. दानम्मानं घरचं लाटणं आणून त्याचं टोक कोयत्यानं तासलं आणि ते प्लेटच्या भोकातनं घालून ती बरोबर मधोमध बसवली. ही युक्ती बाळाप्पाची. कासरा ओढून बॉक्स वर चढवला, नट आवळले, पत्रा ठोकला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा जीप तयार होती. तोवर शेडापुढं निम्मं गाव जमलेलं. केरबा भंगारवालासुद्धा नवा फेटा बांधून आलेला. त्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर माल बघून ठेवायचा होता.

दानम्मा चढली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. क्लच दाबला, पहिला गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. लोकांनी "हाऽऽ" केलं. तिनं सावकाश क्लच सोडला.

जीप हलली नाही.

तिनं रेस वाढवली. इंजिन बोंबलायला लागलं, पत्रे थडथडले, मागनं धूर, खालनं धूर, आणि जीप जागची तसूभर सरकेना. पोरं खिदळली. केरबा हळूच म्हणाला, "आक्का, जीप न्हाय, पिठाची गिरण काढलीस." शशिधर भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही, पण त्यानं केरबाकडं बघून मान हलवली, म्हणजे उद्या ये. ती मान दानम्मानं बघितली.

इंजिन बंद करून ती तशीच बसली. डोळ्यांत पाणी दाटून आलेलं. काय चुकलं? प्लेट उलटी? नाही. नट ढिले? नाही. आप्पा असता तर म्हणाला असता, गाडी बोलतीया, तू ऐकंनास. आणि ऐकण्याऐवजी तिला आला वास. खालनं जळल्याचा वास. पण क्लच जळल्यावर येतो तो करपट, नाकाला झोंबणारा वास नव्हे. हा वास तर रोजचा, ओळखीचा, भूक लागेल असा. कुणीतरी मागं खरंच म्हणालं, "कुणाच्यात भजी तळाय लागल्यात गं?"

दानम्मा ताडकन उठली. "आगं बाई! शेंगत्याल!"

क्लच म्हणजे दोन लोखंडांनी मधल्या प्लेटला कचकचून धरायचं. धरायच्या जागेलाच तेल चोपडल्यावर ते धरणार काय, कपाळ? इंजिन गरगर फिरतंय, प्लेट मधल्यामधे घसरतीया, आणि तेल तळून निघतंय. आख्ख्या मुलखात क्लच प्लेटला शेंगतेल लावून झेंडू वाहणारी ती पहिलीच. तिला आधी स्वतःचा असा संताप आला की तिनं बॉनेटवर बुक्की मारली. आणि मग पोट धरून हसायलाच लागली. लोकांना वाटलं, संपलं, बाईचं डोकं फिरलं.

"अवं, कासरा घ्या! परत उतरवायचा!"

प्रभुलिंगनं आपल्या सोललेल्या हातांकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि हाताला फडकं गुंडाळून कासरा उचलला.

बॉक्स पुन्हा खाली. प्लेट बाहेर आली ती तव्यावरनं काढल्यासारखी तेलकट, चकाकत. दानम्मानं पेट्रोलनं धुतली. पुसली. बोट फिरवलं तर अजून बुळबुळीत. पुन्हा धुतली. पुन्हा तेच, तेल आत मुरलेलं. उन्हं कलायला लागली. देवळाकडं हलगी वाजायला लागली, पालखी निघायची वेळ झाली. दानम्मानं प्लेट मांडीवर टाकली. "जात न्हाय वं हे," ती म्हणाली, आणि ते ती कुणाला म्हणाली तिचं तिलाच कळलं नाही.

तेव्हा प्रभुलिंग खाकरला. जन्मात कधी यंत्राबद्दल तोंड न उघडलेला माणूस! "दानम्मा, तेलकट भांड्याला राख लावत्यात की. चुलीची, कोरडी. आमच्यात तर तेल मुरलेली बुधली बी राखंनंच निघतीया."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग ओरडली, "मग बसलाय काय? आणा की!"

चुलीतली पाटीभर राख आली. दोघं मांडी घालून बसली आणि प्लेट घासायला लागली, राख दाबायची, तेल प्याली की झटकायची, नवी दाबायची. दानम्मा घासता घासता म्हणाली, "तीन पट्टं इभूती कमी पडली हिला. आता आंघोळच घाला." राख काळी यायची ती हळूहळू पांढरी यायला लागली. मग पेट्रोल, मग घासकागद, मग फ्लायव्हीलही तसंच. शेवटी बोट फिरवलं तर ते खरखरत अडलं. तो खरखरीतपणा तिला त्या घडीला रेशमापेक्षा मऊ वाटला.

लाटणं घातलं, प्लेट बसली. कासरा ओढला, बॉक्स चढला. एव्हाना शेडापुढं चिटपाखरू नव्हतं. गाव पालखीमागं शीवंकडं गेलेलं. दानम्मा सीटवर चढली, प्रभुलिंग मागं. पत्रा बसवायलाही ती थांबली नाही; पायाखाली गिअरबॉक्स उघडा दिसत होता. इंजिन सुरू. पहिला गिअर. क्लच तिनं अगदी तसूतसूनं सोडला.

आणि धरलं! जीपनं अशी हनुवटी उचलली आणि शेडाच्या बाहेर उडी घेतली. मागच्या मागं प्रभुलिंग कलंडला आणि पडल्या पडल्या ओरडला, "व्वाऽऽ!"

गल्ली गेली, चावडी गेली, उसाची शेतं लागली. दुसरा, तिसरा. दानम्माचा अंबाडा सुटला, तोंडभर राख, कपाळावर ग्रीस, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. इतक्या वर्षांनी पायाखाली बापाची गाडी थरथरत होती आणि ती तिच्या हाताचं ऐकत होती. शीवंवर आपट्याच्या झाडाभोवती गाव गोळा झालेलं, सूर्य उसात निम्मा बुडालेला. हॉर्नला वायर जोडायची राहिलेली, म्हणून ती तोंडानंच ओरडली, "सरकाऽऽ!" गर्दी फाटली. पालखीवाल्यांनी पालखी बाजूला घेतली, हलगीवाल्यानं हलगी दुप्पट केली, आणि जीप शीवंचा दगड मागं टाकून पल्याड जाऊन उभी राहिली. "दानम्माच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली, ती उसातले बगळे उडेपर्यंत. केरबानं आपल्या वाटणीचं सोनं बॉनेटवर ठेवलं आणि फेटा काढून हातात घेतला. "ह्येला घण लावताना माझा हात झडला आसता, आक्का," तो म्हणाला.

शशिधर सगळ्यांच्या शेवटी आला. आपट्याची पानं बहिणीच्या हातात दिली, खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. "जिकलीस आक्का. न्हे." पण म्हणाला आणि हलला नाही. हात स्टेअरिंगवर तसाच.

"काय रं?"

"काय न्हाय."

"बोल की! एवढं गाव बोलालंय."

शशिधरनं स्टेअरिंगवर अंगठा फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पानं मला हितं कधी बशीवलं न्हाय. एकदा बी. तू लगीन होऊन गेलीस, त्यानं गाडी शेडात घातली. मी चावी मागिटली की म्हणायचा, दानम्मा आली की काढू. तू यायचीस, चार दिस ऱ्हायाचीस, जायाचीस. मी हितंच हुतो की गं, आक्का. रोज."

शेड, ट्रॅक्टर, केरबा, ह्या सगळ्याच्या तळाशी हे होतं तर. दानम्माला वाटलेलं, भावाला नुसती जागा हवी आहे. बापाचा एवढा आंधळेपणा तिनं कधी बघितलाच नव्हता, कारण तो तिच्याच वाट्याला माया होऊन आलेला. इंजिन चालूच ठेवून ती शेजारच्या सीटवर सरकली.

"चढ."

"आगं, तुझी हाय की आता ही."

"माझी हाय म्हणून तर द्यालोय. चढ म्हणतो न्हवं! कोल्लापूरपतूर तू चालीव."

चाळिशीला टेकलेला, दोन-दोन ट्रॅक्टर पळवणारा गडी, पण बापाच्या जागेवर बसताना त्यानं पायताण खाली काढून ठेवलं. पहिल्या खेपेला त्यानं असा झटक्यानं क्लच सोडला की इंजिन बंदच पडलं. गाव हसलं. दुसऱ्या खेपेला जीप सुरळीत निघाली. उसाच्या मधल्या रस्त्यावर दुसरा गिअर पडला तेव्हा शशिधर हमसून हमसून रडत होता, आणि दानम्मा शेजारी बसून त्याच्या पाठीवर थापट्या मारत खेकसत होती, "रस्त्याकडं बघ, मुडद्या, रस्त्याकडं!"